आक्कांचं शिळं पाणी

आक्का,

काल तुमचं तेरावं झालं. पंगती उठल्यावर बायका मागच्या अंगणात हात धुवायला आल्या आणि तुमच्या हौदाभोवतीच थांबल्या. मासे इकडून तिकडे फिरत होते, ऊन पाण्यात उतरलं होतं. कुणीतरी म्हणालं, "सुमननं लय जपलं बगा हे. थोरली जाऊ दवाखान्यात, घर एकटीवर, तरी मासे कसे हायत बगा." बाकीच्या हं हं म्हणाल्या. मी खरकटं पातेलं उचलत होते. मान खाली घातली, तर त्यांना वाटलं मी रडायले. मला रडू येत नव्हतं आक्का, लाज वाटत होती. पातेलं छातीशी धरून मी सरळ मोरीत गेले आणि उगाच ते दोन-दोनदा घासत बसले.

हौदातले मासे तुमचे नाहीत. तुमचे मासे माझ्या हातून मेले. हे फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही कुणाला न सांगता निघून गेलात. आता हे ज्याला सांगायचं होतं ते माणूसच उरलं नाही, तरी तुमच्याशीच बोलते.

बैल विकल्यावर गुरांचा हौद रिकामा पडला तेव्हा मी म्हणत होते की तो फोडू आणि तिथं धुण्याचा दगड बसवू. तुम्ही हो म्हणालात, आणि पुढच्याच खेपेला तुमच्या लेकाकडून, अमोलकडून, पुण्याहून पिशवीभर सोनेरी मासे मागवलेत. हो म्हणायचं आणि आपलंच करायचं, ही तुमची पद्धत. मग त्यानं ती पेटी पाठवली. थेंबांच्या बाटल्या, काचेच्या नळ्या आणि रंगांचं एक कार्ड. मी पोट धरून हसले होते. आपल्या मानवत गावात माणसांच्या पाण्याकडे कुणी बघत नाही आणि आमच्या आक्का माशांचं पाणी तपासायल्या, असं मी गल्लीभर सांगत फिरले.

पण तपासायची वेळ आली की तुम्हाला मीच लागायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, ऑपरेशन दरवर्षी दिवाळीनंतरवर ढकललेलं. सकाळच्या चहानंतर तुम्ही नळीत पाणी घ्यायच्या, थेंब टाकायच्या, हलवायच्या, आणि नळी माझ्या हातात द्यायच्या. "रंग सांग." अमोनियाच्या नळीत पिवळा आला तर पाणी चांगलं, हिरव्याकडे झुकला तर माशांची घाण पाण्यात साठायली. आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार, त्यामुळे तो अमोनिया इथं जास्त बाधतो, असं तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंत की मी भाकरी थापताना ते पाठ म्हणू शकले असते. कार्डावरचे आकडे तुम्हाला दिसत नव्हते आणि मला त्यांचं काही पडलेलं नव्हतं. मग आपण लुगड्यांच्या रंगावर आलो. लिंबी म्हणजे ठीक. पोपटी म्हणजे खाणं कमी करा. मेंदी म्हणजे पाणी बदला. "पोपटी, पण माज्या भाचीच्या लग्नातल्या साडीसारका, का तुज्या?" असं तुम्ही विचारायच्या, आणि मी म्हणायचे, "माज्या साडीसारका. तुमच्या भाचीची साडी पोपटी नव्हतीच, तिला फसवलं दुकानदारानं." त्यावरून आपण दुपारपर्यंत भांडू शकत होतो.

आपलं खरं भांडण मात्र एकच होतं. पाणी बदला म्हणजे तुमच्या मते चार बादल्या काढायच्या आणि चार घालायच्या, त्याही कोपऱ्यातल्या पिंपातल्या. नळाचं पाणी त्या पिंपात भरून, उघडं ठेवून, उन्हात ब्लीचिंग पावडरचा वास उडवलेलं. बाकीचं पाणी जुनंच राहायचं, वर्षानुवर्षांचं. हौदाच्या भिंतीवरचं ते शेवाळाचं बुळबुळीत तुम्ही घासू देत नव्हता. "त्याच्यात न दिसणारे जीव असतेत, तेच घाण खातेत. ते गेले की मासे गेले," असं तुमचं म्हणणं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र हिरवट पाणी, शेवाळ, आणि आल्यागेल्या पाहुण्यांपुढं माझी अब्रू. तुमचं माहेर पालमकडचं, तिथं पाणी शिळं व्हायच्या आत संपायचं. माझं देवगाव फाट्याजवळचं, आमच्या विहिरीला बारमाही पाणी. नळ आला की आपल्या घरात काय होतं ते तुम्हाला काय सांगायचं? हंडे, कळश्या, घागरी, सगळं पालथं करायचं, कालचं पाणी झाडांना, भांडी घासून लख्ख, आणि मग ताजं पाणी. माझी आई हेच करायची, तिची आई हेच. दारात ताजं पाणी आलेलं असताना शिळं पाणी ठेवणं म्हणजे आमच्याकडे दळभद्री लक्षण. "आक्का, ह्या मुक्या जिवांला तुमी शिळ्या पाण्यात ठेवलंय," मी म्हणायचे. "शिळं न्हाई गं, मुरलेलं हाय," तुम्ही म्हणायच्या, "लोणच्याला शिळं म्हणतीस का?" त्या लोणच्याचा मला जास्त राग यायचा.

त्यात एकदा तुमची चूक माझ्या हाती लागली. फोनवर कुणाचं तरी ऐकून तुम्ही हौदात खायचा सोडा टाकलात. क्षाराच्या पाण्यात सोडा. मासे जे तळाला जाऊन बसले ते वर येईनात. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. मासे वाचले, पण मी तो सोडा कितीतरी वर्षं चघळला. भजी तळायला घेतली की म्हणायचे, "आक्का, सोडा ह्याच्यातच टाकू का हौदात?" तुम्ही हसायच्या. मला आता कळतं की तुम्हाला ते लागत असणार. चूक कबूल केल्यावर तिचं काय करतात हे तुम्ही माझ्याकडूनच शिकलात, आणि मीही माझ्याचकडून.

मग तुमच्या पायांवर सूज आली, तोंड सुजलं, आणि अमोलनं तुम्हाला नांदेडला नेलं. किडनीचं निघालं. तो आणि सूनबाई आळीपाळीनं तिथं राहायचे, मी इथं. रोज सकाळी तुमचा फोन. आधी माशांचं, मग तुमचं. मी खरोखर नळी भरून, थेंब टाकून रंग सांगायचे. तेवढं मी नीट केलं, ते तरी माझ्या बाजूला धरा.

बऱ्याच दिवसांच्या खोळंब्यानंतर नळ आला. लोक तुमची चौकशी करायला येतच होते आणि हौदाकडे बघून नाक मुरडत होते. मला वाटलं, आक्का घरी येतील तेव्हा हौद कसा आरशासारखा दिसला पाहिजे. तुमच्यावरच्या मायेनं केलं असं मी स्वतःला सांगत होते. थोडी माया होतीच. पण खरं सांगायचं तर तुम्ही घरात नव्हता आणि मला एकदाचं जिंकायचं होतं. मी मासे घमेल्यात काढले, सगळं पाणी मोरीकडे सोडून दिलं, भिंती काथ्यानं घासल्या, वरून ब्लीचिंग पावडर मारली, धुऊन काढलं आणि नळाला पाइप लावून हौद काठोकाठ भरला. तळाचा दगड न् दगड दिसायला लागला. पाण्याला पावडरचा उग्र वास येत होता, तोही मला स्वच्छतेचाच वाटला. मासे आत सोडले आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

त्या दिवशी तुमचा फोन दुपारून आला.

"काय करायलेत गं?"

"खेळायलेत," मी म्हणाले. "समदे वर आलेत. तोंडं हलवायलेत, बोलायलेत जणू."

मला वाटलं फोन कटला.

"सुमन, पाणी बदललंस का?"

"न्हाई."

"बदललं असलं तर आताच सांग. मी रागावणार न्हाई. उपाय हाय त्याला."

"न्हाई म्हणलं ना आक्का. तुमीच म्हणता बदलू नको, मग मी कशाला बदलू?"

"बरं," तुम्ही म्हणालात. "मग उकडायलं असल त्यांला. जरा बादलीनं पाणी हालीव."

मी बादलीनं पाणी हलवलं. दिवेलागणीपर्यंत एकही उरला नाही.

आक्का, पाणी बदललं ही चूक झाली. चूक माणसाकडून होते. पण तुम्ही विचारलंत तेव्हा ते जिवंत होते, आणि माझ्या तोंडून न्हाई गेलं. सोड्यावरून इतकी वर्षं तुम्हाला चिडवलेल्या तोंडाला हो म्हणवेना. एवढ्याशा अहंकारापायी ते तडफडत गेले आणि मी शेजारी उभी राहून पाणी हलवत होते. मला माझी शिसारी येते.

कढीपत्त्याच्या बुडाशी खड्डा केला आणि त्यांना पुरलं. हौदाला वास नको म्हणून परत धुतला, आणि तो धुवायला कोपऱ्यातल्या पिंपातलं पाणी वापरलं, सगळं. मग बोअरचं पाणी भरलं. परभणीला जाऊन तुमच्यासारखेच सोनेरी मासे शोधले. दुकानदारानं विचारलं, "मावशी, हौदातलं पाणी मुरलेलंय ना?" मी म्हणाले, "लय जुनं हाय." एकदा सुरू झालं की खोटं कसं सोपं जातं. येताना एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्यांची तिकिटं काढली का?" सगळी गाडी हसली. मीही हसले.

तुम्हाला घरी घेऊन जा असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला होता आणि तुम्हालाही. आल्या आल्या तुम्ही म्हणालात, मला मागं न्या. अमोलनं खुर्ची हौदाशी ठेवली आणि तो औषधं आणायला गेला. तुम्हाला मासे दिसायचे नाहीतच, नुसता पाण्यातला लालसर हलता डाग. तुम्ही खाण्याची वाटी हौदाच्या काठावर वाजवलीत, रोज वाजवायच्या तशी. तुमचे मासे त्या आवाजाला झुंबड करून यायचे, पाणी तुमच्या हातावर उडायचं. पाणी हललं नाही. तुम्ही परत वाजवलीत. मी तुमच्या मागं उभी होते.

"नवीन हायत," तुम्ही म्हणालात. "शिकतील."

बस, एवढंच. मी तेव्हा तुमचे पाय धरायला पाहिजे होते. मी काय म्हणाले आठवतं? म्हणाले, "उन्हात बसू नका, आत चला."

दुसऱ्या दिवशी अंथरुणातूनच तुमचं सुरू झालं, रंग सांग. मी नळी घेऊन आले. या वेळेला खरं सांगितलं. "मेंदी हाय आक्का. गडद." तुम्ही मान हलवलीत. "व्हणारच. पाणी कोरं हाय, त्याला वेळ लागतो. खाणं बंद ठेव दोन दिस. पिंपातल्या चार बादल्या घाल." मी नुसतं हं केलं. ते पिंप मी नळाच्या पाण्यानं भरून उन्हात ठेवलं होतं, पण ते तुमचं पाणी नव्हतं. मग तुम्ही डोळे मिटून, जरा दम घेऊन म्हणालात, "आन् परत कधी मासे वर येऊन तोंडं वासायला लागले, तर उचलून पिंपात टाकायचे. ते पिंप त्याच्यासाठीच ठेवलेलं हाय." आवाजात राग नव्हता. पुढच्या वेळेसाठी सांगत होतात. कोपऱ्यातलं पिंप मी मासे मेले त्या दुपारी भरलेलं बघितलं होतं, हौदापासून चार पावलांवर. तुमच्या उशाशी बसून मी हो हो म्हणत राहिले.

शेवटचे ते दिवस असेच गेले. मी रंग सांगायचे, तुम्ही उपाय. मेंदीचा पोपटी झाला. तुमची सूज उतरली नाही. एकदा म्हणालात, "मशीनवर त्यांनी माजं बी पाणी बदलून बगितलं, जमलं न्हाई," आणि स्वतःच हसलात. अमोल उठून बाहेर गेला. मी तिथंच बसले होते, आणि मला वाटलं आता बोलावं. तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात, "कढीपत्त्याची फुलं गळून पडायलीत का गं हौदात? काढून टाक, पाण्यात कुजू देऊ नको." मी फुलं काढायला गेले.

याचा मला तुमच्यावर रागही येतो, ऐकून घ्या. रागावला असतात, दोन शब्द बोलला असतात, तर मी रडले असते, पाया पडले असते, सुटले असते. तुम्ही मला कामाला लावलंत. दरवेळी मी माफी मागायच्या बेतात आले की काहीतरी काम. मला लाजेत टाकायचं नव्हतं म्हणून, की माझ्या तोंडून ऐकवणार नव्हतं म्हणून? की तेवढा वेळच राहिला नाही हे जाणून आधी पाणी सुधारून घेत होतात? हे आता कुणाला विचारू? तुम्ही समजूतदार होतात हे मला ठाऊक आहे. पण समजूतदार माणसांच्या बरोबर राहणं अवघड असतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आणि तरी हेही खरं की रंग सांगायच्या त्या सकाळी मला मिळाल्या. तुम्ही सुरकुतलेला हात पुढं करायच्या, नळी चाचपून बघायच्या, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवायच्या. एकदा इतकं खोटं बोललेल्या बाईच्या शब्दावर. "पोपटी म्हणतीस तर पोपटी." दुसरं कुणी असतं तर अमोलला बोलावून खात्री करून घेतली असती.

तुम्ही गेल्यावर, सुतकातच, एका सकाळी सवयीनं नळी भरली. लिंबी आला. नितळ लिंबी, जरासुद्धा हिरवा नाही. मी नळी हातात धरून लगबगीनं तुमच्या खोलीकडे निघाले आणि उंबऱ्यात थांबले. खोली धुतलेली होती, गादी काढून टाकलेली.

काल संध्याकाळी अमोल परत निघाला. गाडीत सामान भरून झालं आणि म्हणाला, "काकू, आईचे दोन मासे नेतो मी. आई असल्यासारखं वाटेल घरात." सगळ्या आत्या, मावश्या उभ्या होत्या. मी सांगायला पाहिजे होतं. मी झाकणाचा कॅन आणला, हौदातलं पाणी भरलं, दोन मासे जाळीनं काढून दिले आणि म्हणाले, "जपून ने बाबा." नणंदेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला भाजला.

आज सकाळी त्याचा फोन आला.

"काकू," म्हणाला, "एक मासा मेला. गाडीतच गेला असंल, मी बघितलंच नाही." आणि मग तो एवढा मोठा बाप्या, दोन लेकरांचा बाप, फोनवर हुंदके द्यायला लागला. "आईनं इतकी वर्षं सांभाळला, आन् माझ्याच्यानं एक रात्र झालं नाही. मी मारला काकू."

मी ऐकून घेत होते. आक्का, मी ते दोन घटका ऐकूनही घेतलं, एवढी मी वाईट आहे. बरं रे, होतं असं, असं म्हणून फोन ठेवता आला असता. पण ते मी मारला मी मारला माझ्या कानाला सोसेना. ते माझं होतं आणि तो उचलून घेऊन चालला होता.

"तो आईचा न्हवता," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. नळ, काथ्या, पावडर, तुमचा फोन, माझं न्हाई, एसटी, आणि तुम्ही वाटी वाजवून काय म्हणालात ते.

मग त्यानं हळूच विचारलं, "पण काकू, पाणी? कॅनमधलं पाणी तरी आईचंच हाय ना? मी ते टाकून दिलं नाही. तसंच काचेच्या टाकीत ओतलंय."

"न्हाई रे बाळा," मी म्हणाले. "आईचं पाणी मीच सोडून दिलं."

त्यानं फोन ठेवला नाही. मलाही ठेवता आला नाही. आम्ही दोघं तसेच फोन कानाला लावून बसून राहिलो.